बुद्धिबळातील थकवा कोणाच्या वाट्याला येतो?

#इतिहास #बुद्धिबळ #धागा

२३ जुलै २०२५. जॉर्जिया देशातील बातुमी या काळ्या समुद्राकाठच्या शहरात महिला विश्वचषकाच्या उपांत्य फेरीचा दुसरा डाव चालू होता. एका बाजूस नागपूरची एकोणीस वर्षांची दिव्या देशमुख, दुसऱ्या बाजूस २०१७ची विश्वविजेती, चीनची तान झोंगयी. पहिला डाव बरोबरीत सुटला होता. दुसरा लांबत लांबत १०१ चालींपर्यंत गेला आणि दिव्याने तो जिंकला. अंतिम फेरी गाठल्यावर तिने स्वतःसाठी ज्या दोन गोष्टी हव्या असल्याचे सांगितले, त्या म्हणजे झोप आणि जेवण.

१०१ चाली म्हणजे काय, हे घड्याळावरून कळते. या स्पर्धेत पहिल्या ४० चालींसाठी ९० मिनिटे, पुढील डावासाठी ३० मिनिटे आणि प्रत्येक चालीमागे ३० सेकंदांची भर, असा नियम होता. हिशेब मांडला तर एवढ्या लांबीच्या डावात दोन्ही खेळाडूंना मिळून साडेपाच तासांहून अधिक वेळ उपलब्ध होतो. त्यात जेवणाची सुट्टी नाही, आणि उरलेला डाव उद्या खेळू, अशी सोयही नाही. शेवटच्या टप्प्यात तर हाताशी तीस-चाळीस सेकंद असतात आणि चूक नेमकी तेव्हाच होते.

हाच डाव नव्वद वर्षांपूर्वी झाला असता, तर तो त्या दिवशी संपलाच नसता.

त्या काळी ठरावीक तास खेळ झाला की डाव तहकूब होत असे. ज्याची पाळी असेल तो खेळाडू आपली पुढची चाल पटावर न करता कागदावर लिहून पाकिटात बंद करी आणि ते पाकीट पंचांच्या स्वाधीन करी. प्रतिस्पर्ध्याला ती चाल ठाऊक नसे, त्यामुळे रात्रभर विचार करण्याचा एकतर्फी लाभ कोणालाच मिळत नसे. दुसऱ्या दिवशी वा विश्रांतीच्या दिवशी पाकीट उघडून खेळ पुढे चाले. या व्यवस्थेला दुसरी बाजूही होती. तहकूब डावाचे विश्लेषण करण्यात खेळाडूची रात्र जाई, आणि ज्याच्याजवळ चांगले मदतनीस असत त्याची झोप तेवढी वाचे. तरीही थकलेल्या मेंदूला पटापासून दूर जाण्याची एक कायदेशीर वाट होती.

जगज्जेतेपदाच्या लढतींत आणखी एक सवलत असे. खेळाडूला ठरावीक संख्येने डाव पुढे ढकलून घेता येत. ताप आला, पोट बिघडले, किंवा मागच्या पराभवाने मन सैरभैर झाले, तर एक दिवस मागून घ्यावा. मानसिक धक्क्यातून सावरण्यासाठीही ही सवलत सर्रास वापरली जाई, हे सर्वांना ठाऊक होते आणि त्यात कोणाला फारसे गैर वाटत नसे.

मग ही व्यवस्था मोडली कशी? त्याचे उत्तर मॉस्कोत आहे.

१९७५ साली बॉबी फिशरने जगज्जेतेपदाच्या लढतीसाठी डावांची संख्या अमर्याद असावी आणि दहा विजय प्रथम मिळवणारा जिंकावा, अशी मागणी केली होती. बरोबरीचे डाव मोजायचेच नाहीत, म्हणजे खेळाडू जिंकण्यासाठी खेळतील, अशी त्यामागची कल्पना. फिशर ती लढत खेळला नाही. पण ही कल्पना काहीशा सौम्य रूपात मागे उरली. १९७८पासून सहा विजय, डाव अमर्याद, असा नियम झाला. त्याच वर्षी फिलिपिन्समधील बागिओ येथे कार्पोव्ह कोर्चनॉयविरुद्ध ५-२ असा पुढे असताना लढत ५-५ अशी झाली. शेवटी ३२ व्या डावात कार्पोव्ह तरला. लढत लांबली की कार्पोव्हचे शरीर साथ सोडते, ही शंका तेव्हापासूनची.

१० सप्टेंबर १९८४ रोजी मॉस्कोत कार्पोव्ह आणि कास्पारोव्ह समोरासमोर आले. कार्पोव्ह ३३ वर्षांचा, कास्पारोव्ह २१ वर्षांचा. नऊ डावांनंतर कार्पोव्ह ४-० असा आघाडीवर होता आणि लढत महिन्याभरात आटोपेल, असे दिसत होते. त्यानंतर कास्पारोव्हने जिंकण्याचा हव्यास सोडला आणि न हरण्याचा निश्चय केला. पुढचे सलग १७ डाव बरोबरीत सुटले. २७ वा डाव कार्पोव्हने जिंकला, ५-०. आता एकच विजय हवा होता. तो आला नाही. ३२ वा डाव कास्पारोव्हने जिंकला, त्यानंतर आणखी १४ बरोबऱ्या, आणि मग ४७ वा व ४८ वा हे दोन्ही डाव लागोपाठ कास्पारोव्हने घेतले. ५-३. एकूण ४८ डाव, त्यांपैकी ४० बरोबरीचे. पाच महिने उलटून गेले होते. मूळचाच किरकोळ अंगाचा कार्पोव्ह या काळात सुमारे दहा किलोंनी घटल्याचे तेव्हा सर्वत्र सांगितले गेले.

१५ फेब्रुवारी १९८५ रोजी फिडे या जागतिक संघटनेचे अध्यक्ष फ्लोरेन्सिओ कांपोमानेस यांनी निकालाविना लढत थांबवली. कारण दिले ते दोन्ही खेळाडूंच्या थकव्याचे. गंमत अशी की, त्याच पत्रकार परिषदेत दोघाही खेळाडूंनी पुढे खेळण्याची तयारी दर्शवली.

हा निर्णय आजही वादाचा आहे. तो कार्पोव्हला वाचवण्यासाठी होता असे कास्पारोव्हचे म्हणणे. आघाडी आपली असताना लढत रद्द होऊन आपलेच नुकसान झाले, अशी कार्पोव्हची बाजू. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. परंतु इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथे एका गोष्टीकडे विशेष लक्ष द्यावे. लढत थांबली ती कोणी आजारी पडल्याचे सांगितले म्हणून नव्हे. खेळाडू थकले आहेत, हे खेळाडूंऐवजी अध्यक्षांनी ठरवले. थकवा ही शरीराची अवस्था असली, तरी तिची नोंद करण्याचा अधिकार कोणाकडे आहे, हा सत्तेचा प्रश्न आहे, हे इतके उघडपणे क्वचितच दिसले असेल.

त्याच वर्षी नवी लढत झाली, ती २४ डावांच्या मर्यादेत. कास्पारोव्हने ती १३-११ अशी जिंकली. अमर्याद लढतीचा नियम पुन्हा आला नाही.

तहकुबीचा शेवट मात्र वेगळ्या कारणाने झाला. १९९०च्या दशकात संगणक एवढे बलवान झाले की तहकूब डाव रात्रीतून यंत्रच सोडवून देईल, अशी स्थिती आली. पाकिटाला अर्थ उरला नाही. डाव एकाच बैठकीत संपवणे भाग झाले. त्याच सुमारास स्पर्धा सुटसुटीत व्हाव्यात, प्रेक्षकांना निकाल लवकर मिळावा, म्हणून बाद पद्धतीच्या मोठ्या स्पर्धा सुरू झाल्या. बरोबरी झाली की जलद डाव, तेही बरोबरीत सुटले की त्याहून जलद.

या बदलाचा पहिला मोठा फटका एका भारतीयाला बसला. डिसेंबर १९९७मध्ये नेदरलँड्समधील ग्रोनिंगेन येथे फिडेची जागतिक बाद स्पर्धा झाली. विश्वनाथन आनंदने फेरीमागून फेरी जिंकत, अंतिम फेरीत मायकेल ॲडम्सला टायब्रेकमध्ये हरवून ती जिंकली. बक्षीस काय, तर जगज्जेता कार्पोव्हशी लढण्याचा हक्क. कार्पोव्ह ग्रोनिंगेनला खेळलाच नव्हता. त्याला थेट अंतिम लढतीत स्थान दिलेले होते. आणि ही लढत स्वित्झर्लंडमधील लोझान येथे जानेवारी १९९८च्या पहिल्याच आठवड्यात सुरू झाली. सुमारे तीन आठवडे घासलेला एक खेळाडू आणि ताजातवाना दुसरा. सहा डावांअंती ३-३ अशी बरोबरी झाली. मग दोन्ही जलद डाव कार्पोव्हने जिंकले.

आनंद थकव्यामुळे हरला, असे सर्रास लिहिले जाते. तसे सिद्ध करता येत नाही. जे सिद्ध करता येते ते एवढेच की, वेळापत्रक आखणाऱ्यांनी सगळा थकवा एकाच बाजूस ठेवला होता. तरीही आनंदने सहा डावांत बरोबरी साधली, हे त्या लढतीविषयी फारसे बोलले जात नाही.

बातुमीतही हा प्रश्न निराळ्या प्रमाणात होताच. दिव्याने उपांत्य फेरी दोन डावांत संपवली. कोनेरू हम्पीची उपांत्य लढत टायब्रेकपर्यंत गेली आणि २४ जुलैला संपली. अंतिम फेरी २६ तारखेला सुरू झाली. म्हणजे एकीला दोन मोकळे दिवस, दुसरीला एक. पण त्याआधी दिव्यानेही झू जिनेर आणि द्रोणवल्ली हरिका यांच्याविरुद्ध टायब्रेक खेळले होते. अंतिम लढतीचे दोन मुख्य डाव आणि पहिला जलद डाव बरोबरीत सुटले. २८ जुलैला दुसऱ्या जलद डावात काळ्या मोहऱ्यांनी खेळत दिव्या जिंकली आणि भारताची ८८ वी ग्रँडमास्टर झाली. त्या एका दिवसाच्या फरकावर निकाल बेतला, असे म्हणणे दोघींवरही अन्याय करणारे आहे.

येथे एक समज दूर करणे आवश्यक वाटते. बुद्धिबळपटू एका दिवसात सहा हजार कॅलरी जाळतो, असा आकडा समाजमाध्यमांवर वारंवार फिरतो. तो विश्वासार्ह मोजमापावर उभा नाही. मेंदू शरीराच्या विश्रांतीतील ऊर्जेपैकी सुमारे पाचवा हिस्सा वापरतो हे खरे. पण कठीण विचार केल्याने तो फारसा वाढत नाही. खेळाडू थकतो तो ताण, तासन्तास एकाच जागी बसणे, अपुरी झोप आणि हरवलेली भूक यांमुळे. त्यासाठी फुगवलेल्या आकड्यांची गरज नाही.

थकवा नियमांतून येतो, तसा हवेतूनही येतो.

१९२१ साली हवाना येथे ५२ वर्षांचा इमॅन्युएल लास्कर आपले जगज्जेतेपद राखण्यासाठी होझे राऊल कापाब्लांकाशी खेळला. मार्च-एप्रिलचे दिवस, क्यूबाची हवा, आणि लास्कर बर्लिनहून आलेला. चौदा डावांत त्याला एकही विजय मिळाला नाही. चार पराभव आणि दहा बरोबऱ्या पदरी घेऊन त्याने लढत सोडून दिली. उकाड्याने आपल्याला ग्रासले, असे त्याचे म्हणणे. कापाब्लांकाला हे कारण मान्य नव्हते. तो तर त्याच शहरात जन्मला होता. शिरपूरच्या माणसाला वैशाखातले तापीखोरे जसे असह्य वाटते तरी परके वाटत नाही, तसेच हे. त्याच उन्हात थंड प्रदेशातला पाहुणा कोलमडतो आणि घरचा माणूस दुपारची कामे उरकतो. दोघेही खोटे बोलत नसतात.

याच्या नेमकी उलट कथा आठ वर्षांनी इंग्लंडमध्ये घडली.

मीर सुलतान खान हे पंजाबातील सरगोधा परिसरातले, आता पाकिस्तानात असलेल्या भागातले. वडिलांकडून ते लहानपणीच देशी पद्धतीचे बुद्धिबळ शिकले. या पद्धतीत प्यादे पहिल्या चालीत दोन घरे जात नसे आणि युरोपातल्यासारखे कॅसलिंग नसे, त्यामुळे युरोपीय डावाची सुरुवात त्यांना सर्वस्वी नवी होती. जमीनदार व लष्करी अधिकारी उमर हयात खान तिवाना यांनी त्यांचे कौशल्य हेरले. १९२८मध्ये अखिल भारतीय स्पर्धा सुलतान खान यांनी एकही डाव न गमावता जिंकली आणि १९२९च्या वसंतात ते आपल्या आश्रयदात्यांबरोबर लंडनला पोहोचले. सरावासाठी भरवलेल्या एका स्पर्धेत ते तळाशी राहिले. त्यानंतर काही महिन्यांतच रॅम्सगेट येथे त्यांनी ब्रिटिश अजिंक्यपद पटकावले.

१९३०-३१च्या हेस्टिंग्ज स्पर्धेत त्यांनी कापाब्लांकाला ६५ चालींत हरवले. १९३१च्या आरंभी बारा डावांच्या लढतीत सावियेली तार्ताकोव्हरवर मात केली. तीन ऑलिंपियाडमध्ये ते इंग्लंडच्या संघातून खेळले. ब्रिटिश अजिंक्यपद चार प्रयत्नांत तीनदा जिंकले. १९२९, १९३२ आणि १९३३.

आणि या सर्व काळात ते आजारी असत. हिवताप, सर्दी, इन्फ्लुएंझा, घशाचे विकार. गळ्याभोवती पट्ट्या गुंडाळून ते खेळायला येत, असे त्यांच्याविषयी लिहिले गेले आहे. इंग्लंडच्या दमट थंडीने त्यांना पुरते हैराण केले होते. याची एक साक्ष फातिमा यांची आहे. त्या याच नवाबांच्या परिवारातल्या आणि स्वतः १९३३च्या ब्रिटिश महिला विजेत्या. मायदेशी परतताना सुलतान खान यांना तुरुंगातून सुटल्यासारखे वाटले, असे त्यांनी पुढे सांगितले.

ही साक्ष मोलाची आहे, पण तिचा उपयोग कशासाठी करावा, याचे तारतम्य हवे. सुलतान खान यांच्याभोवती एक दंतकथा रचली गेली: निरक्षर नोकर, पौर्वात्य चमत्कार, थंडीने कुडकुडणारा प्रतिभावंत. आजारपण या चित्रात फार सहज बसते. त्यांच्या नातीने या चित्रणाला जाहीर आक्षेप घेतला आहे. ते नोकर नव्हते, निरक्षर नव्हते, जमीनजुमला असलेल्या प्रतिष्ठित घराण्यातले होते, असे कुटुंबाचे सांगणे. मग गळ्यातल्या पट्ट्यांचे काय करायचे? त्या खोट्या मानण्याचे कारण नाही. मात्र त्यांच्यावरून अमुक डाव का हरला, तमुक का बरोबरीत सुटला, हे ठरवता येणार नाही. चालींच्या नोंदवहीत ताप लिहिलेला नसतो.

बुद्धिबळाच्या वर्तुळात एक जुना विनोद आहे: धडधाकट प्रतिस्पर्ध्याला हरवल्याचे भाग्य अजून कोणालाच लाभलेले नाही. हरलेला प्रत्येकजण डोकेदुखीचे, सर्दीचे वा झोपेचे कारण पुढे करतो. सुलतान खान यांच्या बाबतीत मात्र हा विनोद लागू पडत नाही, कारण ते बहुधा जिंकत होते. आजाराची चर्चा त्यांच्या पराभवांच्या समर्थनासाठी झाली नाही. ती त्यांच्या परतण्याच्या संदर्भात झाली. हा फरक लहान नाही.

त्यांचे परतणे तरी त्यांच्या हाती होते का? उमर हयात खान लंडनमध्ये भारतमंत्र्यांच्या कौन्सिलचे सदस्य म्हणून राहत होते. १९३३च्या अखेरीस ते मायदेशी निघाले, आणि त्यांच्याबरोबर सुलतान खानही. कारकीर्द ऐन भरात होती. वय तिशीच्या आसपास. येण्याचा निर्णय आश्रयदात्याचा, जाण्याची वेळही आश्रयदात्याच्या वेळापत्रकाची. मॉस्कोत अध्यक्ष होते, ग्रोनिंगेनला संयोजक होते, येथे नवाब होते. हवामान सोसले ते खेळाडूने.

आणि येथे या कथेत एक मराठी नाव येते. १९३५ साली, म्हणजे परतल्यानंतर दुसऱ्या वर्षी, सुलतान खान व्ही. के. खाडिलकर यांच्याशी दहा डावांची लढत खेळले. खाडिलकरांना केवळ एक बरोबरी मिळाली. उरलेले नऊ डाव सुलतान खान यांनी जिंकले. इंग्लंडमधल्या अखेरच्या हिवाळ्यानंतर ते खचले होते, खेळ मंदावला होता, असे मानणाऱ्यांनी हा निकाल एकदा पाहावा. ऊब, ओळखीची हवा, घरचे अन्न यांनी फरक पडला की मुळातच तफावत मोठी होती, हे दहा डावांवरून सांगता येणार नाही. पण खेळ उरला होता, हे निश्चित.

त्यानंतर ते मोठ्या स्पर्धांत दिसले नाहीत. ते सरगोध्याजवळ शेतीवाडीत राहिले. १९५०मध्ये फिडेने ग्रँडमास्टर हा किताब अधिकृतपणे देण्यास प्रारंभ केला, तेव्हा ते हयात होते. त्यांचे नाव त्या यादीत नव्हते. १९६६ साली क्षयाने त्यांचे निधन झाले. २०२४मध्ये फिडेने त्यांना मानद ग्रँडमास्टर जाहीर केले, कापाब्लांकाबरोबरच्या त्या ६५ चालींनंतर त्र्याण्णव वर्षांनी.